ऑस्ट्रेलियातले कोळी : भीती एकाची, धोका दुसऱ्याचा

मुलाला मेलबर्नमध्ये ॲडमिशन मिळाली किंवा लेक-जावई सिडनीला निघाले, की फी आणि व्हिसाच्या पाठोपाठ घरात कोळ्यांचा विषय निघतोच. कुणीतरी व्हिडिओ पाठवलेला असतो : भिंतीवर तळहाताएवढा केसाळ कोळी आणि खाली किंचाळणारी माणसं.

तो बहुतेक वेळा हंट्समन असतो. पाय पसरले की १५ सेंटिमीटरपर्यंत भरतो, पण अंग इतकं चपटं की दाराच्या फटीतून आरामात आत येतो. रूप भयंकर असलं तरी माणसाच्या जिवाला त्याच्यापासून धोका नाही. तो भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं धरतो. त्याच्या कुळातला एक कोळी आपल्याकडच्या घरांतही भिंतीवर दिसतो. ऑस्ट्रेलियात त्याची खरी भीती गाडीत. समोरची सनशेड खाली ओढावी आणि तो मांडीवर पडावा, अशा वेळी दचकून अपघात झालेले आहेत. घरात आलेल्याला लोक बरणीखाली झाकतात, खालून पुठ्ठा सरकवतात आणि अंगणात नेऊन सोडतात.

जीव घेऊ शकतो तो सिडनी फनेल-वेब. काळा, तकतकीत, बिळात राहणारा. देशभर तो सापडतो हा समज चुकीचा आहे. त्याचा मुलूख सिडनी आणि भोवतालचा पट्टा, पर्थमध्ये तो नाही. यात नराचं विष मादीच्या विषापेक्षा कितीतरी जहाल, आणि उन्हाळ्यात मादीच्या शोधात भटकतो तोही नरच. म्हणून बाहेर ठेवलेले बूट झटकूनच घालावेत. स्विमिंग पूलच्या तळाशी पडलेला फनेल-वेब मेलाय असं समजून हातानं उचलू नये, पाण्याखाली तो तासन्‌तास तग धरतो. कुत्र्या-मांजरांना हे विष फारसं बाधत नाही, माणूस आणि माकडं मात्र त्याला बळी पडतात.

या कोळ्याच्या दंशानं १३ मृत्यू नोंदले गेले, पण ते सगळे प्रतिविष येण्यापूर्वीचे. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलँड यांनी वर्षानुवर्षं खपून ते तयार केलं आणि १९८१मध्ये ते वापरात आलं. तेव्हापासून फनेल-वेबनं एकही जीव गेलेला नाही. मला या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो सामान्य लोकांचा. प्रतिविषासाठी विष लागतं, त्यासाठी जिवंत कोळी लागतात, आणि लोक ते बरणीत धरून आणून देतात. ते पोचतात सिडनीच्या उत्तरेला असलेल्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कमध्ये. डिवचला की कोळी पुढचे पाय उगारतो, दातांच्या टोकाशी विषाचा थेंब येतो आणि तो बारीक नळीनं ओढून घेतात.

‘दर वर्षी तिथे कोळी चावून किती माणसं मरत असतील!’ असंही ऐकू येतं. २००० ते २०१३ या काळात विषारी प्राण्यांच्या दंशानं तिथे ६४ मृत्यू झाले. त्यांत मधमाश्या-गांधीलमाश्या होत्या, साप होते. कोळ्याच्या नावावर एकही मृत्यू नव्हता. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असा २०२०च्या अभ्यासाचा अंदाज आहे. तिकडे निघालेल्या लेकरांची काळजी करताना हा आकडाही लक्षात असू द्यावा.

व्हाइट-टेल कोळी चावला की मांस सडतं, ही तिथल्यांचीच जुनी समजूत. २००३मध्ये १३० खात्रीच्या दंशांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशी एकही जखम आढळली नाही. न भरणारी जखम कोळ्याच्या माथी मारली, तर तिचं खरं कारण शोधायचं राहून जातं.

उरला रेडबॅक. मादीच्या काळ्या पाठीवर लाल पट्टा असतो. शेड, कुंड्या, अंगणातल्या खुर्च्यांखाली ती जाळं करते, तेव्हा बागकामाला हातमोजे हवेत. तिच्या विषावरचं औषध १९५६पासून आहे. प्रथमोपचार मात्र दोन्ही दंशांना सारखे नाहीत. फनेल-वेबचा दंश असेल तर पूर्ण हात किंवा पाय घट्ट बँडेजनं गुंडाळायचा, हलू द्यायचा नाही आणि ०००ला फोन करायचा. रेडबॅकला बँडेज बांधू नये, त्यानं वेदना वाढतात. बर्फाचा शेक द्यायचा आणि १३ ११ २६ या विषबाधा केंद्राच्या नंबरवर विचारायचं.