सरकत्या मुठीची बंदूक मागे का पडली?

एखादी वस्तू बाजारातून दिसेनाशी झाली, की ती निकृष्ट होती म्हणून गेली असे आपण सहज मानतो. जे टिकले ते चांगले असणारच, असा हा सोपा हिशेब. परंतु वस्तूंच्या जगात गुण आणि आयुष्य यांचा संबंध इतका सरळ नसतो. पुष्कळदा वस्तू उत्तम असते, दणकट असते, तिच्यावर जीव टाकणारी माणसेही असतात. तरीही ती कोणी बनवीत नाही. असे का व्हावे, याचा एक बोलका दाखला अमेरिकेतल्या एका खेळाच्या इतिहासात सापडतो. तो खेळ म्हणजे पेंटबॉल.

आपल्याकडेही आता सुटीच्या आणि सहलीच्या ठिकाणी हा खेळ दिसू लागला आहे आणि घरातल्या तरुण मंडळींना त्याची ओळख आहे. ज्यांना नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन तुकड्या समोरासमोर उभ्या ठाकतात. प्रत्येकाच्या हाती वायूच्या दाबावर चालणारी बंदूक आणि तोंडावर संरक्षक मुखवटा असतो. बंदुकीतून रंगाने भरलेली गोळी सुटते, अंगावर फुटते आणि ठिपका उमटतो. ठिपका उमटला की तो गडी बाद. गोळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर, वजन साधारण ३ ग्रॅम. कवच जिलेटिनचे, म्हणजे औषधाच्या ज्या मऊ कॅप्सूल आपण गिळतो त्यांच्याच जातीचे. खेळाडू या हत्याराला ‘मार्कर’, म्हणजे खूण करणारी, म्हणतात. या नावातच तिच्या जन्माची कथा दडलेली आहे.

मिशिगन राज्यातील नेल्सन पेंट कंपनी जंगलातील कामास उपयोगी पडणारे रंग तयार करीत असे. तोडावयाच्या झाडांवर दुरूनच खूण करता यावी, झाडोरा आणि चिखल तुडवीत प्रत्येक बुंध्यापर्यंत जावे लागू नये, यासाठी रंगाची गोळी फेकणारे साधन तिला हवे होते. छऱ्यांच्या बंदुका बनविणाऱ्या डेझी कंपनीतील जेम्स हेल यांनी असे एक साधन घडविले आणि १९७४ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. ‘नेल-स्पॉट ००७’ या नावाने ते जंगलात काम करणाऱ्यांच्या हाती गेले. गुरांच्या कळपातील नेमके जनावर ओळखता यावे म्हणून पशुपालकही ते वापरीत.

याच साधनाचे पुढे खेळणे झाले. रानात तग धरण्यात कोण सरस ठरेल, शहरी माणूस की रानाची सवय असलेला, असा वाद चार्ल्स गेन्स, हेज नोएल आणि बॉब गर्न्सी या मित्रमंडळीत रंगला होता. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे बारा जण नेल-स्पॉट घेऊन रानात शिरले. रानात ठेवलेली निशाणे गोळा करून, स्वतःवर ठिपका पडू न देता बाहेर पडायचे, असा नियम होता. रिची व्हाइट नावाचा वनतज्ज्ञ जिंकला, आणि त्याने एकही गोळी झाडली नव्हती! खेळाचा मूळ पिंड काय होता, हे या एका गोष्टीवरून ध्यानात यावे. बंदुकीपेक्षा पावलांचा, कानांचा आणि धीराचा तो खेळ होता.

त्या वेळचे हत्यारही या पिंडाला साजेसेच होते. नेल-स्पॉटमध्ये प्रत्येक गोळीगणिक खटका हाताने मागे ओढून पुढे ढकलावा लागे आणि बंदूक किंचित कलती करून पुढची गोळी घरंगळत जागेवर आणावी लागे. लवकरच नळीच्या खाली सरकती मूठ आली. सायकलच्या पंपाप्रमाणे ती डाव्या हाताने मागे घेतली, की आतला दट्ट्या मागे सरकतो, घोडा अडकून बसतो आणि एक गोळी खाली उतरते. मूठ पुढे सारली की गोळी नळीच्या तोंडाशी जाऊन बसते. चाप ओढताच स्प्रिंगच्या जोराने घोडा झडपेवर आदळतो, झडप क्षणभर उघडते आणि तेवढ्यात सुटलेला वायू गोळीला बाहेर फेकतो. वायू १२ ग्रॅमच्या छोट्या पोलादी कुपीतला आणि गोळ्या दहा-दहांच्या नळीतल्या. एवढी सामग्री संपली की आडोशाला बसून पुन्हा भरणी करायची. साहजिकच माणूस चाप ओढण्यापूर्वी विचार करी.

मग बदल कसा झाला? १९८० च्या दशकाच्या अखेरीस अर्धस्वयंचलित बंदुका आल्या. त्यांतील काहींत गोळी सुटताना वायूचाच काही भाग घोड्याला मागे रेटून पुन्हा सज्ज करतो. हाताचे काम यंत्रानेच उचलले. बड ऑर यांच्या ‘स्नायपर’ या सरकत्या मुठीच्या बंदुकीचे ‘ऑटोकॉकर’ हे रूपांतर तर फारच मनोरंजक आहे. तिच्या पुढच्या बाजूला एक चिमुकला दट्ट्या बसविला आणि डाव्या हाताने जी ओढाताण करायची तीच तो वायूच्या बळावर करू लागला. जुन्या रचनेचा सांगाडा तसाच राहिला. फक्त माणसाचा हात त्यातून वजा झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून विजेरीवर चालणाऱ्या बंदुका आल्या आणि सेकंदाला दहा-बारा गोळ्या सहज सुटू लागल्या. अखेर स्पर्धांच्या नियामकांना सेकंदामागे किती गोळ्या, याची मर्यादा घालावी लागली.

येथे वाचकांनी एक गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी. नव्या बंदुकीची गोळी जुनीपेक्षा लांब जात नाही. सुरक्षिततेसाठी मैदानांवर गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३०० फुटांच्या आतच ठेवावा लागतो आणि हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. सारखी गोळी, सारखा वेग, म्हणून पल्लाही जवळपास सारखाच. नेमकेपणातही चांगली जुनी बंदूक कमी पडत नाही. नव्या बंदुकीने दिली ती संख्या. नेम चुकला तरी पुढची गोळी तयार, तीही चुकली तरी तिच्यामागची तयार. पूर्वी नेमाने जे साधायचे ते आता वर्षावाने साधू लागले.

आणि येथेच व्यापाराचा प्रवेश होतो. बंदूक माणूस एकदा घेतो. गोळ्या मात्र प्रत्येक खेळाला लागतात. दिवसभरात शंभर-दीडशे गोळ्यांत भागविणारा गडी आणि दोन हजारांची पेटी रिकामी करणारा गडी, यांपैकी दुकानदाराला आणि मैदानाच्या मालकाला कोण प्रिय असणार, हे सांगायला नको. शिवाय समोरच्याच्या हाती भराभर गोळ्या सोडणारी बंदूक असताना आपल्याला मूठ ओढीत बसावे लागले, तर नवखा गडी हिरमुसतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून भाड्याने देण्यासाठीही मैदानवाल्यांनी अर्धस्वयंचलित बंदुकाच ठेवल्या. कारखानदार काय बनविणार? जे घाऊक मागणीत असेल तेच.

जुनीचा एक शेवटचा आधार होता, तो स्वस्ताईचा. तोही गेला. वायूने घोडा मागे रेटणारी रचना मुळात साधी. साच्यात ओतलेल्या धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या भागांतून ती हजारोंनी निघू लागली. याउलट कित्येक जुन्या बंदुकांची घडण कारागिरी मागणारी होती. विस्कॉन्सिनमधील शेरिडन कंपनीचे पिस्तूल पितळी नळ्या डाख देऊन जोडलेले असे. थोड्या नगांसाठी असे काम करायचे, तर नगामागे किंमत चढते आणि साध्या दिसणाऱ्या वस्तूला एवढे पैसे कशाला, असे गिऱ्हाईक म्हणते.

आणखी एक गंमत पाहा. या बंदुकांचा चांगुलपणाच त्यांच्या मुळावर आला. आत मोजके भाग, विजेरी नाही, यंत्रणेची गुंतागुंत नाही. रबराची एखादी कडी बदलली की तीस-चाळीस वर्षांची बंदूक पुन्हा चालू होते. ज्याला हवी तो जुनीच शोधून घेतो. नवी बनविणाऱ्याला स्वतःच्या आजोबांशी स्पर्धा करावी लागते, आणि आजोबा स्वस्तही असतात! त्यातच वर्षे सरली तशा गोळ्याही किंचित बारीक व अधिक ठिसूळ होत गेल्या. जुन्या रुंद नळ्यांत त्या सैल बसतात. लहान कुप्यांतला वायू मोठ्या, पुनःपुन्हा भरता येणाऱ्या टाकीपेक्षा महाग पडतो. अशा बारीकसारीक अडचणींनी उरलेसुरले गिऱ्हाईकही पांगले.

या घडामोडीत खेळाने काय मिळविले? वेग मिळविला, थरार मिळविला, बघ्यांना आवडेल असा देखावाही मिळविला. ते नाकारू नये. परंतु त्याची किंमतही मोजली. खेळ महाग झाला. नवख्याच्या अंगावर एकाच वेळी पाच-सहा वळ उठू लागले. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत या खेळाची भरती ओसरली; त्याची कारणे अनेक असली तरी वाढता खर्च हे त्यांतील एक ठळक कारण होते. ज्या गोळ्यांच्या खपावर धंदा उभा राहिला, त्याच गोळ्यांच्या खर्चाने गिऱ्हाईक दूर गेले.

तरीही सरकती मूठ अगदीच मेलेली नाही. १९८० च्या दशकात जन्मलेल्या ‘फँटम’सारख्या बंदुकांनी पुढे कित्येक वर्षे तग धरला. काही खेळाडू मुद्दाम जुन्या बंधनांत खेळतात: छोटी कुपी, दहा गोळ्यांची आडवी नळी आणि प्रत्येक गोळीला मुठीची एक ओढ. या प्रकाराला त्यांनी स्वतंत्र वर्गच मानला आहे. छत्तीस चित्रांचे रीळ घालून छायाचित्रे काढणाऱ्यांचे मनही असेच असते. मोजकेच हाती असले की नजर आपोआप तीक्ष्ण होते, हे त्यांना ठाऊक आहे.

शिक्षकाच्या पेशात अर्धे आयुष्य गेल्यामुळे मला या कथेतला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. साधन केवळ काम करीत नाही. ते वापरणाऱ्यालाही घडवीत असते. चूक महाग पडते तेथे माणूस जपून वागायला शिकतो. ती फुकट होते तेथे तो पुन्हा पुन्हा चुकत राहतो. बाजाराला या शिकवणीशी कर्तव्य नाही, आणि तसा दोषही त्याला देता येणार नाही. अधिक खपेल ते बनविणे हा त्याचा धर्म आहे. पण म्हणूनच, एखादी वस्तू दुकानात मिळत नाही एवढ्यावरून ती टाकाऊ ठरवू नये. ती का गेली, तिच्या जाण्याने कोणाचा लाभ झाला आणि तिच्याबरोबर कोणती सवय गेली, हे तीन प्रश्न आपण आपल्या मुलांना विचारायला शिकविले, तरी पुष्कळ झाले.