प्राणवायू उणा पडतो तेव्हा फुप्फुस काय करते?

शरीराच्या बहुतेक अवयवांना प्राणवायू कमी पडू लागला, की तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अधिक रक्त तिकडे वळते. फुप्फुसाची रीत मात्र उलटी आहे. त्याच्या ज्या भागात प्राणवायू उणा पडतो, त्या भागाकडे जाणाऱ्या सूक्ष्म धमन्या आकुंचन पावतात. स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखवून दिले.

या रीतीमागे मोठे शहाणपण आहे. इतर अवयव रक्ताकडून प्राणवायू घेतात. फुप्फुस तो रक्ताला देते. जेथे हवाच पोहोचत नाही, तेथे रक्त पाठवून काय उपयोग? शेतात दारे धरणारा माणूस रिकाम्या वाफ्याचे दार बुजवून पाणी पिकाकडे वळवतो, तसेच हे.

आपल्या घरातील कुणाची पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली, तर या गोष्टीचे महत्त्व कळते. भूल, वेदनेमुळे उथळ झालेला श्वास आणि साठलेला कफ यांमुळे फुप्फुसाचा काही भाग मिटू शकतो. तेव्हा धमन्या आकसून रक्त उघड्या भागाकडे वळवतात. परंतु हा बंदोबस्त अपुरा असतो. काही रक्त प्राणवायूविनाच परतते. म्हणून मिटलेला भाग उघडणे आवश्यक ठरते. रुग्णाला तीन चेंडूंचे स्पायरोमीटर देतात ते यासाठीच. त्यात फुंकायचे नसते. नळी तोंडात धरून श्वास संथपणे आत ओढायचा असतो. टाक्यांवर उशी धरून खोकावे, आणि डॉक्टरांनी सांगताच उठून बसावे, चालावे.

हाच रक्षक कधी घातही करतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. विमानाने काही तासांत तेथे उतरलात, की फुप्फुसाचा एखादा कोपरा नव्हे, तर संपूर्ण फुप्फुस प्राणवायूच्या उणिवेत सापडते. सगळीकडच्याच धमन्या आकसतात. रक्ताला वळायला वाट उरत नाही. धमन्यांतील दाब वाढतो आणि काहींच्या वायुकोशांत पाणी झिरपते. नित्य सिंहगड चढणारा धडधाकट तरुणही याला अपवाद नसतो.

म्हणून लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. पुढे मुक्कामाची उंची हळूहळू वाढवा. हृदयाचा वा फुप्फुसाचा विकार असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. बसल्या जागी धाप लागणे, न थांबणारा खोकला, निळसर ओठ, गुलाबी फेसाळ कफ, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका. प्राणवायू लावा, रुग्णालय गाठा आणि रुग्णाला शक्य तितक्या लवकर खाली आणा. सहल पुन्हा करता येते. सोबतच्या माणसाची धाप ‘थकवा’ म्हणून सोडून देऊ नका.