पद एकाकडे, सत्ता दुसऱ्याकडे

स्वतंत्र झिंबाब्वेत पंतप्रधानपद दोनदा अस्तित्वात आले आणि दोनदा लोपले. १९८० साली रॉबर्ट मुगाबे पंतप्रधान झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्षपद केवळ शोभेचे होते. १९८७ च्या घटनादुरुस्तीने तेच सर्वाधिकारी राष्ट्राध्यक्ष बनले आणि पंतप्रधानपद रद्द झाले. पुढे चलनवाढ अशी बेफाम झाली की, जानेवारी २००९ मध्ये एकावर चौदा शून्ये असलेली नोट काढावी लागली. आदल्या वर्षीच्या रक्तलांछित निवडणुकीनंतर झालेल्या समझोत्यानुसार फेब्रुवारीत विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई पंतप्रधान झाले. अर्थखाते त्यांच्या पक्षाकडे आले. परकीय चलनाच्या स्वीकाराने भावही स्थिरावले. सैन्य मात्र मुगाबे यांच्याच हाती राहिले. २०१३ च्या राज्यघटनेत पंतप्रधानपदाला स्थान उरले नाही. रिकामी तिजोरी एकाकडे आणि तलवार दुसऱ्याकडे, ही सत्तेची वाटणी नव्हे. ती केवळ जबाबदारीची वाटणी होय.