नोकरी सांभाळून समुपदेशनाची पदवी

वयाच्या पस्तिशींत किंवा चाळिशींत, संसार आणि नोकरी दोन्ही सांभाळीत, पुन्हां विद्यापीठाची पायरी चढणारीं माणसें अमेरिकेंत आतां नवलाचीं राहिलेलीं नाहींत. शिक्षक, परिचारिका, कचेरींतील अधिकारी असे नाना व्यवसायांतील लोक समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळतात. दिवसभर इतरांच्या अडचणी ऐकण्याची संवय झालेल्या माणसास तेंच काम शास्त्रशुद्ध रीतीनें करावेंसें वाटूं लागणें स्वाभाविक आहे. जाहिराती त्यांना सांगतात कीं, वर्ग संध्याकाळीं भरतात, पुष्कळसा अभ्यास घरबसल्या संगणकावर होतो, नोकरी सोडण्याचें कारण नाहीं. यांतील पहिलीं दोन विधानें खरीं आहेत. तिसरें मात्र अर्धेंच खरें आहे, आणि उरलेला अर्धा भाग पुष्कळांना दोन वर्षें उलटल्यावर कळतो.

वास्तविक या विद्येचें आणि नोकरदार विद्यार्थ्याचें नातें जुनें आहे. बोस्टन शहरांतील सिव्हिक सर्व्हिस हाउस या संस्थेंत फ्रँक पार्सन्स यांनीं १९०५ सालीं दिवसा राबणाऱ्या लोकांसाठीं शिक्षणवर्ग चालू केले. पुढें १९०८ च्या जानेवारींत, तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी त्यांच्या पुढाकारानें तेथेंच उघडली. अमेरिकेंतील समुपदेशनाचा उगम बहुधा याच कचेरीपाशीं सांगितला जातो. पार्सन्स त्याच वर्षीं वारले. त्यांचें 'चूजिंग अ व्होकेशन' हें पुस्तक १९०९ सालीं त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें.

आज तेथील अभ्यासक्रमांना मान्यता देणारी प्रमुख संस्था 'केक्रेप' या नांवानें ओळखली जाते. तिच्या नियमाप्रमाणें पदवीस ६० क्रेडिट लागतात. एक विषय सामान्यतः तीन क्रेडिटांचा, म्हणजे विषय सुमारें वीस. नोकरी करणाऱ्याला एका सत्रांत दोनच विषय झेपतात. उन्हाळी सत्र धरून वर्षाला सहा विषय केले तर सव्वातीन-साडेतीन वर्षें, आणि उन्हाळा मोकळा ठेवला तर पांच वर्षें, असा हा हिशेब आहे. इतका धीर धरणारे पुष्कळ असतात. मुलें झोंपल्यावर पुस्तक उघडणें, रविवारीं निबंध लिहिणें, हें कष्टाचें असलें तरी माणसाच्या स्वतःच्या हातांतलें असतें.

खरी अडचण पुढें येते. पुस्तकी विषयांच्या जोडीला आधीं 'प्रॅक्टिकम' म्हणून किमान १०० तास प्रत्यक्ष कामाचे द्यावे लागतात, आणि त्यांपैकीं ४० तास मदत मागणाऱ्या माणसाच्या समोर बसून. त्यानंतर 'इंटर्नशिप', ती किमान ६०० तासांची, त्यांत २४० तास प्रत्यक्ष भेटींचे. बाकीच्या वेळांत टिपणें, बैठका, आणि अनुभवी समुपदेशकापुढें आठवड्याच्या आठवड्याला आपल्या कामाची झडती. पंधरा-पंधरा आठवड्यांचीं दोन सत्रें धरलीं, तर ६०० तासांचे आठवड्याला वीस तास होतात. चाळीस तासांच्या नोकरीवर हे वीस चढले कीं साठ होतात. शिवाय वर्ग निराळे. या कामाला बहुतेक ठिकाणीं वेतन नसतें. आणि अभ्यास घरबसल्या झाला तरी हें काम तसें होत नाहीं. घराजवळची एखादी संस्था किंवा दवाखाना शोधावा लागतो, आणि तो शोधण्याचा भारहि कित्येकदां विद्यार्थ्यावरच पडतो.

सर्वांत मोठी कोंडी शिक्षकांची होते. शाळेंतील समुपदेशक व्हावयाचें तर हे ६०० तास शाळेंतच, मुलांमध्यें काढावे लागतात. आणि शाळा भरते त्याच वेळीं शिक्षिका स्वतःच्या वर्गावर उभी असते. तिच्याच शाळेंत हे तास पुरे करतां येतील काय? कांहीं विद्यापीठें तशी परवानगी देतात. मात्र काम नेहमींच्या नोकरीहून निराळें असावें आणि देखरेख करणारा निराळा असावा, अशी अट घालतात. समजा, तिनें मधल्या सुटींतला अर्धा तास आणि शाळा सुटल्यावरचा एक तास रोज काढला, तर आठवड्याला साडेसात तास होतात. त्या गतीनें ८० आठवडे लागतील, आणि अमेरिकेंतील शाळेचें वर्ष असतें सुमारें ३६ आठवड्यांचें. म्हणून अनेक शिक्षिकांना शेवटीं बिनपगारी रजा घ्यावी लागते, नाहीं तर शाळेचा नाद सोडून रात्रीं आठपर्यंत व शनिवारीं उघडी राहणारी एखादी संस्था गांठावी लागते. दुसरा मार्ग पत्करला कीं पदवीची शाखाच बदलते.

हे तास कमी कां करीत नाहींत, याचें कारण विद्येच्या स्वरूपांत आहे. मराठींत हिला 'समुपदेशन' असें नांव पडलें आणि त्यांत 'उपदेश' शिरला, हा दुर्दैवी योगायोगच म्हटला पाहिजे; कारण उपदेश न करणें हेंच विद्यार्थ्याला प्रथम शिकावें लागतें. कार्ल रॉजर्स यांनीं ओहायो स्टेट विद्यापीठांत असतांना अशा मुलाखती तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून घेतल्या, आणि १९४२ सालच्या आपल्या ग्रंथांत एका माणसाशीं झालेल्या भेटींतील संभाषण शब्दशः छापलें. बंद दाराआडचें बोलणें अशा रीतीनें वाक्यावाक्यानें तपासतां येऊं लागलें. आजचा विद्यार्थीहि समोरच्याची संमति घेऊन आपलें बोलणें मुद्रित करतो, आणि शिक्षक तें मध्येंच थांबवून विचारतो, "येथें ती बाई गप्प झाली होती, तुम्हीं प्रश्न कां विचारलात?" वीस वर्षें वर्गावर किंवा कचेरींत तयार उत्तरें देत आलेल्या माणसाला ही झडती तरुणापेक्षां अधिक झोंबते. उलट मृत्यु, कर्ज, घरांतील भांडणें जवळून पाहिलेलीं असल्यामुळें समोरच्याचें दुःख त्याला लवकर ओळखूं येतें. हा लाभ लहान नव्हे, परंतु त्यानें तास कमी होत नाहींत.

पैशाचा पेंचहि याच ठिकाणीं बसतो. मालकानें नोकराच्या शिक्षणाला वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत साहाय्य केलें तर त्या रकमेवर नोकराला प्राप्तिकर पडत नाहीं, आणि अनेकजण त्याच आधारावर नांव घालतात. इंटर्नशिपसाठीं नोकरी सोडली कीं पगाराबरोबर हा आधारहि जातो. कर्जाची वाटहि अरुंद झाली आहे. २०२५ सालच्या कायद्यानें १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना 'ग्रॅड प्लस' हें सरकारी कर्ज बंद ठरविलें, आणि सामान्य पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० व एकूण १,००,००० डॉलर अशी मर्यादा घातली. पदवी मिळाल्यावरहि स्वतंत्र परवाना लगेच हातीं येत नाहीं. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्क या राज्यांत देखरेखीखालीं आणखी ३,००० तासांचें काम लागतें. कॅलिफोर्नियांत तें १०४ आठवड्यांहून कमी मुदतींत पुरें करतां येत नाहीं. तें काम पगारी असूं शकतें, एवढेंच समाधान. म्हणून शहाणा उमेदवार प्रवेशापूर्वींच तीन गोष्टी विचारून घेतो: तास कोठें होतील, आठवड्याच्या कोणत्या वारीं होतील, आणि दोन सत्रांऐवजीं तीन सत्रांत वांटून घेतां येतील काय.

आपल्याकडे नोकरदारांचा रस्ता निराळाच होता. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठासारख्या संस्थांतून दूरस्थ पद्धतीनें मानसशास्त्राची एम्. ए. करून समुपदेशनाकडे वळलेलीं माणसें महाराष्ट्रांतहि आहेत. आरोग्याशीं संलग्न व्यवसायांसाठीं २०२१ सालीं झालेल्या केंद्रीय कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२५ च्या जुलै-ऑगस्टमधील प्रवेशांपासून असे विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीनें शिकविण्यास मनाई केली. मानसशास्त्र त्यांतलेंच एक. प्रत्यक्ष शिक्षणावांचून ही विद्या येत नाहीं, ही भूमिका दोन्ही देशांची. परंतु अमेरिकेनें व्याख्यानें घरीं ऐकूं दिलीं आणि तास तेवढे सक्तीचे ठेवले. येथें व्याख्यानांचाहि तो दरवाजा बंद झाला. ठाण्यास बँकेंत काम करणाऱ्या एखाद्या स्त्रीला आतां ही पदवी घ्यावयाची तर महाविद्यालयांतच जावें लागेल, आणि तेथला वर्ग बहुधा बँकेच्याच वेळांत भरतो.