साताऱ्याचा ऱ



आजचा विषय एका अर्ध्या अक्षराचा आहे. त्यासाठी तासभर कशाला, असे कोणी म्हणेल. पण हे अक्षर आपल्याच गावाच्या नावात दडलेले आहे. नुसते 'सातारा' म्हटले तर ते दिसत नाही. 'साताऱ्याला जातो' म्हटले की लगेच पुढे येते. कऱ्हाड, वऱ्हाड, वाऱ्यावर, दुसऱ्याचा या सर्वांत तेच आहे. लग्नघरी आचार्यांना दक्षिणा द्यावयाची असते आणि आचाऱ्यांना मजुरी. पहिल्या शब्दात रफार डोक्यावर आहे, दुसऱ्यात रेघ पोटाशी आहे. चिठ्ठीत अदलाबदल झाली तर आचाऱ्याची मजुरी बुडाली म्हणून समजा!

अक्षर कागदावर नीट उमटवणे हा आपल्या भागाचा जुना उद्योग आहे. १८०५ साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने भगवद्गीता छापली गेली. नाना फडणिसांच्या काळात पुण्यात ही विद्या शिकलेल्या तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरली होती. आरशातल्यासारखे उलटे कोरावे, तेव्हा कागदावर सुलटे उमटते. कोरताना चूक झाली तर ती पुसता येत नाही. त्याच वर्षी दूर बंगालात, श्रीरामपूर येथे, विल्यम केरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले. खिळ्यांमुळे चूक दुरुस्त करणे सोपे झाले. मात्र प्रत्येक जोडाक्षराला वेगळा खिळा लागू लागला. जुळाऱ्याच्या पुढ्यात शेकडो घरांची पेटी आली. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता.

आता खिळे गेले, संगणक आला. संगणक अक्षराचे चित्र साठवत नाही, त्याचा क्रमांक साठवतो. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड पद्धतीने जगातील लिप्यांना असे क्रमांक देण्याचे काम हाती घेतले. त्यात साध्या 'र'ला एक क्रमांक आहे आणि 'ऱ'ला दुसरा. अक्षर पडद्यावर दिसावयाचे तर तीन गड्यांनी आपापले काम करावे लागते. पहिला मजकूर, म्हणजे क्रमांकांची रांग. दुसरा टंक, म्हणजे आकारांची पेटी. तिसरा मांडणी करणारा कार्यक्रम; कोणता आकार कोठे बसवावयाचा आणि कोणाला जोडावयाचा हे तो ठरवतो. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' देतो, मग वेलांटी; वेलांटी अलीकडे आणून बसवणारा हाच तिसरा गडी.

घरातली मुले माइनक्राफ्ट नावाचा खेळ खेळत असतील तर त्यांना विचारा. त्यात आपल्या मनाचा ठोकळा तयार करून घालता येतो. पुष्कळदा होते काय, तर ठोकळा जागेवर बसतो, पण त्यावर जांभळ्या-काळ्या चौकटी दिसतात. मुलगा ठोकळाच पुन्हा घडवू लागतो. वास्तविक ठोकळा ठीक असतो. त्याच्या वर्णनात चित्राचे जे नाव दिले आहे, त्यात आणि खऱ्या नावात एका अक्षराचा फरक असतो, म्हणून चित्र सापडत नाही. अक्षरांचेही तसेच आहे. अक्षराच्या जागी रिकामी चौकट आली तर मजकूर बरोबर आहे, टंकात आकार नाही, टंक बदलावा. पाय मोडलेले अक्षर सुटेच राहिले, शेजाऱ्याला जोडले गेले नाही, तर बहुधा तिसरा गडी जुना आहे. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर काना-मात्रा चुकीच्या क्रमाने पडली आहे. आणि 'सातार्यात' असा रफार 'य'च्या डोक्यावर चढला, तर आपणच 'ऱ'ऐवजी साधा 'र' दिला आहे. पहिल्या दोन ठिकाणी मजकुराला हात लावू नये, शेवटच्या दोन ठिकाणी तोच दुरुस्त करावा.

खरी हानी होते ती वरवरच्या डागडुजीने. 'ऱ' सापडला नाही की पुष्कळ लोक 'सातार-यात' असे लिहितात. मध्ये चक्क वजाबाकीची रेघ! डोळ्याला ते खपते. यंत्राला मात्र तो एक शब्द राहत नाही, आणि ओळीच्या शेवटी त्याचे दोन तुकडेही होतात.

काही वर्षांपूर्वी एका मयत कामगाराची पत्नी आमच्या युनियनच्या कचेरीत आली. म्हणाली, "दादा, ह्यांचं नावच यादीत न्हाई म्हनत्यात." तीन महिने ती एका कार्यालयात खेपा घालीत होती. आडनावात 'ऱ्हा' होता. मी शेजारी बसून ते नाव वेगवेगळ्या तऱ्हांनी शोधावयास लावले. रेघ घालून शोधले तेव्हा नाव निघाले. माणसाने तिथे उभी हयात राबून काढली होती, आणि एका रेघेपायी तो तिथे कधी नव्हताच, असे ठरत होते. कारकुनाची लबाडी नव्हती. नाव लिहिणाऱ्याने त्या दिवशी वेळ मारून नेली होती, एवढेच.

आणखी एक खोच ध्यानात ठेवा. 'ऱ्य' दोन शुद्ध रीतींनीही लिहिता येतो: एक 'ऱ' घेऊन, दुसरी साधा 'र' घेऊन त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण क्रमांक वेगळे असल्यामुळे एका रीतीने शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. म्हणून संस्थेने, पतपेढीने, ग्रंथालयाने 'ऱ'ची एकच रीत धरावी आणि जुनी यादी एकदा तिच्यात बदलून घ्यावी. शोध घेणाऱ्याने नाव मिळाले नाही तर सर्व रीती करून पाहाव्यात, आणि मगच 'नाही' म्हणावे.

आपल्यापैकी ज्यांच्या नावात, गावात हे अक्षर आहे, त्यांनी घरी गेल्यावर आपले पासबुक, शिधापत्रिका आणि सातबारा काढून पाहावा. चूक असेल तर आजच अर्ज करावा. आपल्यामागे घरच्यांना खेपा घालाव्या लागू नयेत, एवढ्यासाठी हा तास मी आपणाकडून मागून घेतला.