परिषद जंगल जिल्ह्यात, मुक्काम कोठे?

वैज्ञानिक परिषदेचे निमंत्रण आले की बहुतेकांची नजर प्रथम विषयपत्रिकेवर जाते. परिषद चंद्रपूर वा गडचिरोली जिल्ह्यात असेल तर मात्र आधी नकाशा उघडणे श्रेयस्कर. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा विमानतळ, रेल्वेस्थानक आणि हॉटेले एकाच शहरात होती. तेथून दक्षिणेला दीडशे किलोमीटर गेले की हे गणित बदलते.

त्यातल्या त्यात चंद्रपूर सोपे. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील हे शहर. बल्लारशा जंक्शनही जवळच. मुंबई-पुण्याकडील प्रतिनिधींना नागपूरपर्यंत विमानाने किंवा सेवाग्रामपर्यंत रेल्वेने येऊन पुढचा टप्पा गाठता येतो. शहरात राहण्याची सोय होते. ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वाराजवळील रिसॉर्टचा मोह अनेकांना होतो. परंतु सत्रे शहरात आणि मुक्काम जंगलाच्या तोंडाशी, ही व्यवस्था सकाळचे सत्र हमखास बुडवते. सफारी हवीच असेल तर परिषदेनंतरचा दिवस राखावा. गाभा क्षेत्र मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असते, हेही ध्यानात घ्यावे.

गडचिरोलीची गोष्ट वेगळी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. धानोरा मार्गावर, शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. येथील ३९ गावांत झालेला घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरचे आरोग्य संशोधक या आडवाटेकडे वळले. रेल्वेने यायचे तर नेहमीचे स्थानक वडसा. तेथून गडचिरोली सुमारे पन्नास किलोमीटर. नागपूरहून थेट रस्ता उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरीमार्गे येतो.

आयोजकांची चूक येथेच होते. चांगल्या खोल्या मिळतात म्हणून पाहुण्यांना चंद्रपुरात उतरवले जाते आणि रोज मूल, सावलीमार्गे गडचिरोलीला नेले जाते. एका बाजूचे अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. शोधग्राम गाठायचे तर शंभराच्या घरात. परतीचा प्रवास अंधारात, वन्यप्राणी ओलांडतात अशा रस्त्याने. शोधनिबंधावरची खरी चर्चा चहाच्या आणि जेवणाच्या वेळी होते. ती वेळ गाडीत जाते. साधी खोली, पण सभागृहाजवळची, हाच येथे शहाणपणाचा पर्याय. खोल्या कमी पडल्या तर पाहुण्यांची संख्या कमी करावी, अंतर वाढवू नये.

मेजवान्यांची सवय असलेल्यांसाठी एक सूचना : गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातील बंदी २०१५ ते २०२१ एवढीच टिकली.

क्षेत्रभेट भामरागड किंवा हेमलकशापर्यंत न्यायची असेल तर एक पूर्ण दिवस आणि तेथील मुक्काम आधीच ठरवावा. आलापल्लीपुढील प्रवास किलोमीटरमध्ये नव्हे, तासांत मोजायचा असतो. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क वारंवार तुटलेला आहे. त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या तारखा टाळाव्यात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, तरी हिवतापाचा हा पट्टा असल्याने निवासस्थान ठरवताना मच्छरदाणीची चौकशी जरूर करावी.