संगणकाची राखण – लेखांक सहावा : दूरस्थ प्रवेशाचा बंदोबस्त

पासवर्ड हा एकटाच पहारेकरी कितपत विश्वासपात्र असतो याचा विचार गेल्या लेखांकात केला. त्याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणजे, एका ठिकाणी बसून दुसऱ्या ठिकाणचा संगणक आपल्या पडद्यावर आणण्याची आणि तो जणू समोरच आहे अशा रीतीने चालवण्याची जी सोय ‘रिमोट डेस्कटॉप’ या नावाने रूढ झाली आहे, तिच्या बंदोबस्ताचा प्रश्न होय. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून ही सोय १९९८ साली बाजारात आणली. परंतु २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि हिंजवडीपासून अंधेरीपर्यंतच्या कंपन्यांना आपले दप्तर कर्मचाऱ्यांच्या घरोघरी हलवणे भाग पडले, तेव्हा एरवी तज्ज्ञांपुरती असलेली ही सोय सामान्य नोकरदाराच्या नित्य व्यवहारात आली, आणि तिच्यासोबत तिचे धोकेही आले.

रिमोट डेस्कटॉपचा स्वीकार करण्यास सिद्ध असलेला संगणक ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर येणाऱ्याची वाट पाहत असतो. आणि हे पोर्ट इंटरनेटवर उघडे पडले म्हणजे ते हुडकण्यास कोणा विशेष बुद्धिमंताची गरज उरत नाही. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली सिद्ध केलेली ‘झेडमॅप’ ही आज्ञावली, जोडणी वेगवान असल्यास, जुन्या पद्धतीच्या सर्व इंटरनेट पत्त्यांवरील एखादे पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासू शकते. सबब, ३३८९ ऐवजी दुसराच क्रमांक योजून निश्चिंत होणारे व्यवस्थापक केवळ मनाचे समाधान करून घेतात. त्यातून, २०१९ च्या मे महिन्यात ‘ब्लूकीप’ नावाचा जो दोष उघडकीस आला, त्यात पासवर्ड ठाऊक नसतानाही जुन्या विंडोज संगणकाचा ताबा घेता येत असे. आणि तो इतका गंभीर मानला गेला की, २०१४ सालीच जिची देखभाल बंद झाली होती त्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

कंपनीचा लॅपटॉप तर याहूनही अवघड जागी उभा असतो, कारण तो आज घरच्या राउटरला, उद्या विमानतळावरील सार्वजनिक वायफायला जोडला जातो, आणि त्या जाळ्यावर शेजारी कोण बसले आहे याची त्याला कल्पना नसते. येथे व्हीपीएन उपयोगी पडते. जुन्या वाड्यात मोठा दरवाजा बंद ठेवून येणाऱ्या प्रत्येकाला दिंडीतूनच आत घेत, त्याच न्यायाने लॅपटॉप प्रथम कंपनीच्या प्रवेशद्वाराशी कूटबद्ध मार्गाने जोडला जातो, तेथे ओळख पटल्यावर त्याला अंतर्गत पत्ता मिळतो, आणि मगच त्याचा पडदा तंत्रविभागाला दूरवरून उघडता येतो. मात्र एवढ्याने काम संपत नाही: ३३८९ वर केवळ व्हीपीएनच्या अंतर्गत पत्त्यांवरूनच प्रवेश मिळावा असा नियम प्रत्येक लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये घालावा लागतो, कारण तो नसेल, तर व्हीपीएन चालू असूनही त्याच वायफायवरील त्रयस्थ माणूस बाजूने दार ठोठावू शकतो. पडदा उघडण्यापूर्वीच ओळख तपासणारे ‘नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन’ चालू असावे, आणि दूरस्थ प्रवेशाची मुभा ठरावीक खात्यांनाच असावी, हेही त्याच बंदोबस्ताचे कलम होय.

तथापि व्हीपीएन धोका नाहीसा करीत नाही. तो अनेक ठिकाणांहून उचलून एका ठिकाणी गोळा करते, आणि ते एक ठिकाण राखणे हेच मग खरे काम ठरते. अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन कंपनीच्या व्यवहारात हे प्रत्ययास आले. २०२१ च्या एप्रिलअखेरीस घुसखोर या कंपनीच्या जाळ्यात शिरले ते वापरात नसलेल्या, पण बंद करावयाचे राहून गेलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डखेरीज ओळखीचे दुसरे कोणतेही साधन जोडलेले नव्हते. ७ मे रोजी खंडणीची मागणी आली, पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी वाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली, आणि कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर, मोजले.

यावरून निघणारा बोध तंत्राइतकाच कारभाराचाही आहे. नोकरी सोडणाऱ्याचा राजीनामा मंजूर झाला की त्याच दिवशी त्याचे व्हीपीएन खाते रद्द व्हावे. प्रवेशास पासवर्डबरोबर दुसरी खूण, मग ती मोबाइलवरील संकेतांक असो वा हार्डवेअर किल्ली, अनिवार्य असावी. प्रवेशद्वाराच्या यंत्रणेची दुरुस्ती प्रसिद्ध होताच ती बसवावी. आणि आत आलेल्याला सारे जाळे मोकळे न देता त्याच्या कामापुरताच भाग दाखवावा. नोंदींचा प्रश्न तर आता ऐच्छिकही राहिलेला नाही: सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि घुसखोरीसारख्या घटनांची वर्दी सहा तासांच्या आत देणे बंधनकारक आहे. कोण, केव्हा, कोठून आत आला याची नोंदवही ज्या कंपनीपाशी नाही, तिला ही वर्दी देताना चोरी झाली एवढेच सांगता येईल. काय गेले, हे सांगता येणार नाही.

या नोंदी वाचाव्यात कशा, आणि मध्यरात्री झालेला एखादा प्रवेश संशयास्पद केव्हा मानावा, याचा विचार पुढील लेखांकात करू.

(क्रमशः)